दोन पुरणपोळ्या, आठ युनिट

तुमच्या ऑफिसच्या बॅगेत काय काय असतं? लॅपटॉप, चार्जर, डबा, डिओ, गेला बाजार एखादं च्युइंगम. माझ्या कॉलेजच्या बॅगेत प्रॅक्टिकलची जर्नल, एसटीचा पास आणि एक निळा पाउच असतो. पाउचमध्ये ग्लुकोमीटर, स्ट्रिप्सची डबी, इन्सुलिनचं पेन, चार सुया, थोडा कापूस आणि पार्ले-जीचा पाच रुपयेवाला पुडा. त्या पुड्याला हात लावायची परवानगी कुणालाच नाही. फर्स्ट इयरला एका मैत्रिणीने भुकेच्या भरात तो फस्त केला, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. ‘पाच रुपयांच्या बिस्किटांवरून एवढा ड्रामा?’ असं ती म्हणाली. आता तिला काय सांगणार? तेव्हा तिला माहीत नव्हतं. कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं.

तर, मला डायबेटिस आहे. टाइप वन. शेजारच्या काकांना असतो तो नव्हे, हा वेगळा.

हे सांगितलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘एवढ्या बारीक मुलीला शुगर?’ मग, ‘लहानपणी खूप गोड खाल्लं असशील ना?’ आणि तिसरा, सर्वांत लाडका, ‘कारल्याचा रस घेऊन पाहिलास का?’ एकदाच सांगून टाकते. गोड खाऊन हा होत नाही. आपल्या शरीरातली रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजते आणि मारून टाकते. का समजते, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. पेशी गेल्या की इन्सुलिन बंद. मग रक्तात साखरेचा पूर आणि पेशींमध्ये उपासमार, असा विचित्र प्रकार. इन्सुलिन बाहेरून घ्यायचं, रोज, आयुष्यभर. कारलं बिचारं भाजी म्हणून चांगलं आहे.

आमचं घर भातकुलीला. अमरावतीपासून एसटीने फार लांब नाही, पण रोज अपडाउन करणाऱ्याला विचारा! सकाळी सव्वासहाला उठायचं, बोटाला टोचायचं, थेंब स्ट्रिपला लावायचा. पाच सेकंदांत आकडा येतो. १२० आला की दिवस एकदम सही. २८० आला की आठवायला लागायचं, रात्री काय खाल्लं, सुई नीट बसली होती का, पेन उन्हात राहिलं होतं का, की उद्याच्या व्हायव्हाचं टेन्शन? टेन्शननेही शुगर वाढते. आणि शुगर वाढली याचं टेन्शन येतं ते वेगळंच. मग पोटाला इन्सुलिन, पंधरा मिनिटं थांबून भाकर-भाजी आणि साडेसातची एसटी. दुपारी कॉलेजात दुसरं इंजेक्शन, रात्री जेवताना तिसरं, झोपताना चौथं, चोवीस तास पुरणारं. दिवसाला चार. गुणाकार मी करत नाही, तुम्हीही करू नका.

खर्चाचंही सांगते, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळं मिळून आमच्या घरी महिन्याला तीन-चार हजार जातात. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. दंडाला चिकटवायचा तो सेन्सर आला आहे ना, मोबाइलवर शुगर दाखवणारा? चौदा दिवस चालतो. पुण्या-मुंबईच्या मुली इन्स्टावर तो मिरवताना दिसतात आणि मला खरं सांगायचं तर जाम जळायला होतं. मी बोटंच टोचते. आता डाव्या हाताच्या करंगळीला तर काही वाटतच नाही.

कॉलेजात दुपारचं इंजेक्शन मी लेडीज रूममध्ये, दार लावून घ्यायचे. वर्षभर सुरळीत चाललं. एक दिवस कडी नीट लागली नाही आणि सेकंड इयरची एक सीनियर आत आली. मी भिंतीला टेकलेली, कुर्ता वर, हातात सुई. ती ओरडलीच. दुसऱ्या दिवशी अर्ध्या डिपार्टमेंटमध्ये बातमी, भातकुलीची ती शांत मुलगी आहे ना, ती ड्रग्ज घेते! मला आधी हसायला आलं, मग रडायला. आणि तुम्हाला विश्वास बसणार नाही, पण मी दोन दिवस विचार करत होते की हे असंच राहू द्यावं का. कारण ‘ड्रग्ज घेते’ हे खोटं कधी ना कधी विरलं असतं. ‘शुगर आहे’ हे खरं चिकटलं असतं.

हे डोक्यात कुठून आलं, तर घरातून. आईचा नियम होता, बाहेर सांगायचं नाही. पाहुण्यांना थायरॉइड सांगायचं. लग्नाकार्यात जेवणाआधी ‘हिला जरा चक्कर येते’ म्हणत आतल्या खोलीत न्यायचं. आई दाराला पाठ लावून उभी आणि मी आत पटकन टोचून घ्यायचे. आईवर राग काढू नका. मुलगी तेरा वर्षांची असताना जिला हे कळलं, तिने पहिला हिशेब काय केला असेल? दहा वर्षांनी स्थळं येतील, तेव्हा काय सांगू? आमच्याकडे मुलीच्या पत्रिकेतला मंगळ लपवतात, इथे तर साक्षात इन्सुलिन.

लपवण्याची खरी किंमत मी एसटीत मोजली. फर्स्ट इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरला. प्रॅक्टिकल लांबलं, जेवण अर्धवट राहिलं आणि इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलेलं. परतीच्या गाडीत गर्दी. उभी होते. आधी हात थरथरले, मग कानात गुणगुण, मग समोरच्या सीटवरच्या बाईच्या लुगड्याचा हिरवा रंग हलायला लागला. याला आम्ही ‘लो’ म्हणतो. शुगर ७०च्या खाली गेली की गडबड सुरू होते आणि त्यावर उपाय एकच, ताबडतोब साखर. तीन चमचे, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. एवढं सोपं. पण लो मध्ये मेंदूलाच साखर कमी पडते, त्यामुळे सोपं काहीच सुचत नाही. पाउच बॅगेत, बॅग वरच्या रॅकवर आणि मला शब्दच सापडेनात. पोरं म्हणाली, पोरीला गाडी लागली. कुणी लिंबू पुढे केलं. लिंबू! शेवटी त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईने, मला बसवायला म्हणून, स्वतः उठत पिशवीतला गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. का, तर तिच्या मते पोरगी उपाशी होती. तिचं निदान शंभर टक्के बरोबर होतं! उतरताना मी नीट थँक्यूसुद्धा म्हणाले नाही.

घरी आल्यावर हे मी फक्त आजीला सांगितलं. का आजीलाच, ते सांगायला मला मागे जावं लागेल, २०१८च्या आखाजीला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पुण्यात त्या दिवशी सोनं घेतात, हे मला टीव्हीवरच्या जाहिरातींतून कळलं. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना पाणी देतात. ऐन वैशाख, पारा पंचेचाळीसकडे, आणि वर गेलेल्या माणसांना तहान लागली असेल म्हणून मातीची नवी घागर भरून ठेवायची, तिच्यावर खरबूज, पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य, आणि ज्याच्या त्याच्या नावाने पाणी सोडायचं. आमच्या घरी घागरीशेजारी एक छोटा मातीचा गडूही असायचा. तो आजी स्वतः भरायची आणि कुणाचंच नाव घ्यायची नाही. लहानपणी मला वाटायचं तो माझाच, भातुकलीतला.

पाण्याचं आमच्याकडे थोडं वेगळं आहे, ते सांगायला हवं. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा पट्टा पसरलाय आणि इथे जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, वर येतं ते खारंच. आता नळ आहेत, धरणाचं गोडं पाणी येतं, कधी येतं कधी येत नाही. पण जुनी माणसं अजून कुठे गेली तर आधी पाण्याची चव सांगतात, मग बाकीचं. अशा गावात एखादी पोर सारखं पाणी पिते, याचं कुणाला काय वाटणार? ‘उनाळा हाये, पेईन नाई तं काय करीन!’

२०१८च्या मार्च-एप्रिलमध्ये मी पाणी पित होते. सातवीची परीक्षा चालू होती. पेपर लिहिताना दोन-दोन बाटल्या संपायच्या. रात्री चार-पाच वेळा उठायचे. खायचे भरपूर आणि गळ्याची हाडं दिसायला लागलेली. आई म्हणाली, उंची वाढतेय. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, ऊन लागलंय, ग्लुकोजचं पाणी द्या. आईने दिलं. मायेने, चार-चार चमचे घालून, दिवसातून पाच वेळा. हा विषय आजही आईसमोर काढता येत नाही.

आखाजीच्या दिवशी, नैवेद्य व्हायच्या आधी, मी तो गडू उचलून पिऊन टाकला. घागर मोठी होती, उचलली नसती; गडू हाताशी होता. पिताना कळतही होतं की हे देवाचं आहे, पण थांबता येईना. आई धावली मारायला. आजीने मात्र तिचा हात धरला. काहीच बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

त्या रात्री आजी न्हाणीत गेली, मी जाऊन आल्यावर. टॉर्च घेऊन. कितीतरी वेळ तिथेच उभी होती, असं आई सांगते. मग तिने बाबांना उठवलं. ‘हिले आत्ताच्या आत्ता अमरावतीले ने.’ बाबा म्हणाले, सकाळी जाऊ, गाडी नाही. आजी म्हणाली, ‘सकाळ होऊ देऊ नको बाप्पा. न्हाणीत मुंगया लागल्या हायेत. थे अशीच गेलती.’

शेजारच्यांच्या पिकअपमधून नेलं मला. मला आठवतं ते तुकड्या-तुकड्यांत, ताडपत्रीचा वास, पोटातली कळ, आणि माझाच श्वास, धावून आल्यासारखा जोरजोरात. दवाखान्यात मीटरला थेंब लावला तर आकडाच नाही, नुसतं ‘हाय’! मला वाटलं, मीटर नमस्कार करतंय. नंतर कळलं, ६००च्या वर गेलं की मीटर मोजणं सोडून देतं. तीन दिवस आयसीयू. डॉक्टर बाबांना म्हणाले, आणखी एखादा दिवस उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. आणि विचारलं, तुम्हाला कळलं कसं? बाबांनी बाकड्यावर बसलेल्या आजीकडे बोट दाखवलं.

‘थे’ म्हणजे कोण, हे मला घरी आल्यावर कळलं. बाबांनाही तेव्हाच पूर्ण कळलं. बाबांचा जन्म १९७४चा. त्याआधी त्यांना एक बहीण होती, आजीची थोरली. १९७३च्या उन्हाळ्यात गेली. अकरा वर्षांची होती. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात ना, तोच. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, आजी खडी फोडायला जायची, आणि पोरगी रांजणाशी बसून असायची. पाणी आधीच कमी, त्यात ही पिणार. आजीने तिला त्यावरून मारलं होतं. ‘रांजणावर झाकन ठेवून वरतं दगड ठेवला होता मी,’ आजी म्हणाली. ‘तिले उचलला नाई पाहिजे म्हनून.’ ती वाळत गेली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं. देवऋषी झाला. ऋणमोचनला, जिथे पौषातल्या रविवारी आमच्याकडचं अख्खं पंचक्रोशीचं गाव लोटतं आणि गाडगेबाबांनी जिथे घाट बांधले, तिथला नवस झाला. कोपऱ्यात पोर जाऊन आली की मुंग्यांची रांग लागते, हे आजीने पाहिलं होतं. पण मुंग्यांचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं.

मी डॉक्टरांना नंतर विचारलं, आत्याला हेच असेल का? ते म्हणाले, लक्षणं तीच आहेत, पण कागद नाही, तपासणी नाही, आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आजी सांगते. तिला कागद लागत नाही.

मुंग्यांचं म्हणाल तर ते आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना माहीत होतं. रोगाचं नावच मुळी मधुमेह. नाव होतं, उपाय नव्हता. उपाय आला टोरांटोहून. १९२१मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं आणि जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. तोवर टाइप वन झालेलं मूल म्हणजे काही महिन्यांचा हिशेब. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. का, तर ते सगळ्यांचं असावं. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून जागतिक मधुमेह दिनही तेव्हाच असतो. आपल्याकडे त्या दिवशी शाळांत चाचा नेहरूंचा बालदिन असतो आणि चॉकलेटं वाटतात. असो.

मी पुन्हा पुन्हा एकच वजाबाकी करते. १९२२ आणि १९७३. एक्कावन्न वर्षं! लेनर्ड थॉम्प्सन बिचारा न्यूमोनियाने १९३५मध्ये गेला, पण तोपर्यंत तेरा वर्षं जगला होता. आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, मुंबई-नागपुरात इन्सुलिन मिळत असताना, आमच्या घरात रांजणावर दगड ठेवला गेला.

आता ते दिवस नाहीत, असं म्हणायला मला आवडेल. बऱ्याच अंशी नाहीतच. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५मध्ये ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला, गरीब घरांतल्या टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन मिळावं म्हणून. दवाखान्यातल्या सिस्टरने बाबांना त्याबद्दल सांगितलं होतं. आमचं कसंबसं भागत होतं म्हणून आम्ही गेलो नाही, पण अशी एक जागा विदर्भात आहे एवढं कळल्यावरच बाबांना त्या रात्री झोप लागली. डॉक्टरांनी बाबांना वसीम अक्रमचंही सांगितलं. त्याला १९९७मध्ये डायबेटिस निघाला आणि त्यानंतरही तो २००३पर्यंत खेळला. बाबांनी आयुष्यभर मॅच बघताना अक्रमला शिव्या घातलेल्या! आता त्याचं नाव निघालं की म्हणतात, ‘मानूस चांगला हाये.’

तरीही कधीकधी रांजणावरचा दगड दिसतो. घरी एक नातेवाईक आले होते, गावठी औषधाची पुडी घेऊन. आठ दिवस इंजेक्शन बंद ठेवा, पुन्हा लागणारच नाही. आई डळमळली. कोण आई डळमळणार नाही? आजीने पुडी घेतली, ‘हो हो’ म्हणाली, आणि पाहुण्यांची गाडी वळली की चुलीत टाकली. दुसरा अनुभव परीक्षेचा. एका पेपरला सुपरवायझरने माझा पाउच बाहेर ठेवायला लावला. मी गयावया केली, कागद दाखवला. ‘नियम म्हणजे नियम.’ तीन तास मी समीकरणांपेक्षा माझ्या बोटांच्या थरथरीकडेच जास्त पाहत होते. सीबीएसईने २०१७मध्येच डायबेटिस असलेल्या मुलांना परीक्षेत गोळ्या, फळं, पाणी न्यायची मुभा दिली. ही गोष्ट मी त्या सुपरवायझरना पेपर संपल्यावर सांगितली. त्यांनी माझं नाव विचारलं. मी घाबरून सटकले.

इन्सुलिनची आणि उन्हाळ्याची वेगळीच दुश्मनी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं पेन रूम टेंपरेचरला चार आठवडे चालतं, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पण कुणाच्या रूमचं टेंपरेचर? मे महिन्यात आमची रूम म्हणजे भट्टी. लाइट गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. मग आजीचा माठ. मोठ्या माठात तळाला थोडं पाणी, त्यात छोटा माठ, छोट्या माठात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं फडकं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजीला ते आधीच सुचलेलं होतं. २०२१मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि एका जागतिक डॉक्टर संघटनेने तपासून सांगितलं की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे टिकतं. मी हे आजीला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘आन् सदतीसच्या वरतं?’ जिनिव्हावाले भातकुलीला मेमध्ये आलेले नाहीत, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

लपवाछपवी संपली ती मागच्या वर्षी, मोठ्या बाबांच्या मुलीच्या लग्नात. मांडवात पहिली पंगत बसत होती. आई मला डोळ्यांनी खुणावत होती, आत चल. तेवढ्यात आजी, खुर्चीवर बसल्या बसल्या, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘काऊन वं, इंजेक्शन घेतलं का नाई? पंगत बसून राह्यली.’

शांतता. वाढपी पोरांचे हातसुद्धा थांबले. वरपक्षाकडच्या एक बाई पुढे सरकल्या, ‘कसलं इंजेक्शन हो?’ आईचा चेहरा मला अजून दिसतो. आजी म्हणाली, ‘शुगरचं. मायी एक पोरगी बिनाइंजेक्शनची गेली. ही घेऊन जगून राह्यली. काय लपवाचं त्याच्यात?’ आणि मला म्हणाली, ‘घे इथंच. हात दुखते काय तुया?’

मी घेतलं. खुर्चीत बसून, कुर्त्याचं टोक जरा सरकवून. दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांसाठी आम्ही सहा वर्षं दारं लावत होतो.

सिनेमात इथे टाळ्या वाजतात. आमच्याकडे आई आजीशी चार दिवस बोलली नाही. माझ्यासाठी एका घरून नुकतीच चौकशी सुरू झाली होती, ‘शिक्षण होऊ द्या, मग पाहू’ इतपतच. त्यांचा फोन नंतर आला नाही. आई अधूनमधून तो फोन आठवते. मी त्या मुलाचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, त्यामुळे मला दुःख व्हायचं कारण नाही, असं मी म्हणते. थोडं झालं होतं.

कॉलेजात मात्र मीच सांगून टाकलं. पार्ले-जी खाल्लेल्या मैत्रिणीला पहिल्यांदा. ती एवढी ओशाळली की आता तिच्याच बॅगेत कायम दोन पुडे असतात. कॅन्टीनवाल्या भाऊंना माहीत आहे. माझा चहा बिनसाखरेचा, पण मी हात वर केला की साखरेचा डबा आधी. लेडीज रूममध्ये दार लावत नाही. सगळे जण गिला वडा खायला जातात तेव्हा मीही जाते, वर्तमानपत्राच्या कागदावर आकडेमोड करत. या गँगमध्ये प्लेट समोर आल्यावर सगळ्यांत शेवटी खाणारी मीच, पण खातेच.

आणि तरी वैताग येतो. दमते मी. एखाद्या रात्री तीन वाजता लो होऊन उठते, अंधारात साखरेचा डबा शोधते, आणि वाटतं, एक दिवस सुट्टी मिळाली असती तर? तुम्हाला सीएल असतात, पीएल असतात. स्वादुपिंडाची नोकरी हातात आली की वीकेंड नाही. अशा रात्री हमखास आजीच्या खाटेचा आवाज होतो. ती विचारते, ‘किती हाये?’ मी आकडा सांगते. तिला अक्षरं येत नाहीत, पण ५८ म्हणजे काय आणि ३१० म्हणजे काय, ते तिला माझ्याइतकंच कळतं.

यंदाच्या आखाजीला मला इंटर्नलची तयारी होती, तरी घरीच थांबले. पुरण आईने घातलं. दोन पुरणपोळ्या, आठ युनिट, असा माझा हिशेब. आमरसाचं वेगळं, त्यावर आईचं आणि माझं भांडण झालं. घागर बाबांनी भरली. आजीचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून तिने मला हाक मारली आणि गडू माझ्या हातात दिला. नवा होता, मातीचा वास येत होता. मी नळाचं पाणी भरलं, काठापासून दोन बोटं खाली ठेवून, सांडू नये म्हणून. तिने वाकून आत पाहिलं.

‘पुरा भर वं,’ ती म्हणाली. ‘तिले पुरत नाई.’